लाल परीचा पत्रा

एसटीची गाडी कशाची बांधायची, हा प्रश्न महाराष्ट्राने पाऊणशे वर्षांत वेगवेगळ्या काळी सोडवला आणि दर वेळी उत्तर वेगळे आले. 1948 मध्ये उत्तर होते लाकूड. पुढे पोलाद आले. 1960 च्या सुमारास पोलाद मागे पडून ॲल्युमिनियम आले आणि ते जवळजवळ सहा दशके टिकले. 2017-18 च्या सुमारास पुन्हा पोलादाची पाळी आली. अमेरिकेत गेली दहा वर्षे अवजड पिकअप ट्रकांवरून असाच वाद चालू आहे: बॉडी ॲल्युमिनियमची चांगली की पोलादाची? तिथे तो दोन कंपन्यांच्या जाहिरातींचा विषय आहे. आपल्याकडे तो रोज लाखो माणसे वाहणाऱ्या सार्वजनिक सेवेचा विषय होता, आणि म्हणूनच त्याचा इतिहास जास्त बोलका आहे. हा इतिहास एका धातूने दुसऱ्यावर मात केल्याचा नाही. गाडीला कशापासून वाचवायचे याची कल्पना बदलत गेली आणि पत्रा तिच्यामागून बदलला. आधी भीती गंजाची होती, नंतर ती गाडी उलटण्याची झाली. या दोन्ही भीती एका ठिकाणी पाहायच्या तर वसई पूर्वेच्या एव्हरशाईन सिटीसारखी वस्ती घ्यावी. दक्षिणेला खाडी आणि मिठागरे, पश्चिमेला रेल्वेपलीकडे समुद्र, पूर्वेला मुंबई-अहमदाबाद महामार्ग. एकीकडून गंज येतो, दुसरीकडून वेग.

1 जून 1948 रोजी पुणे ते अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, या मार्गावर पहिली एसटी धावली. ती बेडफर्डची होती. तिची बॉडी लाकडी होती आणि आसनांत काथ्या भरलेला होता. हे त्या काळाला धरूनच होते. चासी परदेशी कंपनीची यायची आणि तिच्यावरचा सांगाडा इथले सुतार-लोहार उभा करायचे. त्या वेळच्या ताफ्यात बेडफर्डबरोबर शेवरले, फोर्ड, स्टुडबेकर, मॉरिस कमर्शियल, अल्बियन, लेलँड, कॉमर, फियाट अशा कितीतरी बनावटीच्या गाड्या होत्या. प्रत्येक चासीची लांबी निराळी आणि भोके निराळ्या जागी. अशा वेळी लाकूड सोयीचे असते, कारण ते जागेवर कापता, तासता आणि ठोकता येते. पण लाकडी सांध्यांना एक मर्यादा असते. कच्च्या रस्त्यावरच्या हादऱ्यांनी ते ढिले होतात, पावसाळ्यात फुगतात, उन्हाळ्यात आकसतात, आणि अपघातात लाकूड वाकत नाही, फाटते. त्यातच गाडीची क्षमता वाढत होती. 30 आसनांची गाडी 45 आसनांची झाली आणि पुढे 54 पर्यंत गेली. एवढी माणसे, वर टपावरच्या पेट्या आणि पोती हे सगळे पेलायला सांगाडाच बदलणे भाग होते. तेव्हा लाकडाच्या जागी संपूर्ण पोलादी बॉडी आली आणि काथ्याच्या जागी गादीची आसने आली.

पोलादाने मजबुतीचा प्रश्न सोडवला आणि टिकाऊपणाचा नवा प्रश्न उभा केला. एसटीचे राज्य हे सातशेवीस किलोमीटर किनारपट्टीचे राज्य आहे. डहाणूपासून सावंतवाडीपर्यंतच्या आगारांत गाडी उभी असली तरी तिची झीज चालूच असते. समुद्राच्या हवेतले मीठ ओलाव्याबरोबर पत्र्यावर बसते, रंगाला जिथे ओरखडा गेला असेल तिथून आत शिरते आणि लोखंडाचा गंज फुलू लागतो. लोखंडाच्या गंजाचा स्वभाव वाईट असतो. तो पापुद्र्यांनी सुटतो, खालचे ताजे लोखंड उघडे पाडतो आणि तेही खातो. गाडीत सर्वांत आधी खचतात त्या जागा प्रवाशाला दिसत नाहीत: फरशीखालचे आडवे बार, चाकांच्या कमानी, पायरीखालचा कोपरा आणि खिडकीच्या खाली जिथे पाणी साचते ती खाच. कोकणच्या तीन-चार महिन्यांच्या पावसात ही झीज झपाट्याने होते. परिणाम असा की चासी आणि इंजिन चांगले असूनही बॉडी आधी मोडीत निघायची. गाडी वर्षानुवर्षे चालवून तिचा खर्च वसूल करणाऱ्या संस्थेला हे परवडणारे नव्हते.

म्हणून 1960 च्या सुमारास एसटीने ॲल्युमिनियमची वाट धरली. कारण म्हणून सांगितली गेली ती हीच गोष्ट: पोलाद गंजते आणि किनारपट्टीत जास्तच गंजते. ॲल्युमिनियमवरही हवेची क्रिया होते, पण तिथे बनणारा थर पातळ आणि घट्ट असतो. तो धातूला चिकटून बसतो आणि आतल्या धातूचे रक्षण करतो. शिवाय पोलादाची घनता 7.85 असते तर ॲल्युमिनियमची 2.7, म्हणजे तेवढ्याच आकाराचा पत्रा जवळजवळ तिपटीने हलका. याच काळात गाड्यांचा निळा-चंदेरी रंग जाऊन लाल आला आणि आज जिला लाल परी म्हणतो ती गाडी आकाराला आली. जगातही तेव्हा वारे याच दिशेचे होते. युद्धानंतर ब्रिटनमध्ये पोलाद रेशनवर होते, तर विमान कारखान्यांसाठी काढलेले ॲल्युमिनियम मुबलक होते. 1948 ची लँड रोव्हर ॲल्युमिनियम मिश्रधातूच्या पत्र्यात आली त्यामागे ही टंचाई होती. लंडनची प्रसिद्ध दुमजली रूटमास्टर 1950 च्या दशकात घडली तीही विमानबांधणीच्या अनुभवावर, ॲल्युमिनियमची. एसटीचा निर्णय त्यामुळे जगावेगळा नव्हता. फरक इतकाच की लंडनला वजन आणि इंधन वाचवायचे होते आणि एसटीला मुख्यतः गंजापासून सुटका हवी होती.

या निवडीचा खरा फायदा कार्यशाळेत कळला. एसटीने बॉडी बांधणी स्वतःच्या हातात ठेवली होती. पुण्याजवळ दापोडी, औरंगाबादला चिकलठाणा आणि नागपूरजवळ हिंगणा या तीन मध्यवर्ती कार्यशाळांत कंपनीकडून आलेल्या उघड्या चासीवर गाडी चढायची. त्यांच्याखाली विभागीय कार्यशाळा आणि त्यांच्याखाली राज्यभर पसरलेली अडीचशेच्या आसपास आगारे. ॲल्युमिनियमची बॉडी या रचनेला चपखल बसली, कारण तिची जोडणी वेल्डिंगवर नव्हे तर रिव्हेटवर होती. एखाद्या गाडीची बाजू ट्रकला घासून फाटली की आगारातला कारागीर ड्रिलने रिव्हेटांची डोकी उडवायचा, खराब पत्रा उतरवायचा, नवा पत्रा मापाने कापून भोकांवर भोके जुळवायचा आणि पुन्हा रिव्हेट मारायचा. भट्टी नको, वेल्डिंगची ज्योत नको, आसने आणि वायरिंग उतरवणे नको. वसई, नालासोपारा किंवा अर्नाळा आगारातली गाडी दुरुस्त होऊन थोड्या अवधीत पुन्हा फेरीला लागायची. मोडीत निघालेल्या ॲल्युमिनियमला भंगारात भावही बरा मिळायचा. सुट्या भागांची टंचाई आणि गाड्यांचा कायमचा तुटवडा असलेल्या संस्थेसाठी गाडी लवकर रस्त्यावर परत येणे ही मोठीच गोष्ट होती. त्या बदल्यात प्रवाशाने खडखडाट सोसला, कारण हादऱ्यांनी रिव्हेट ढिले होतात आणि ढिला पत्रा वाजतो.

ॲल्युमिनियम गंजमुक्त मात्र नव्हते. गाडीची चासी पोलादाचीच राहिली, आणि जिथे पोलाद व ॲल्युमिनियम एकमेकांना टेकतात तिथे खारे पाणी पोचले की दोन धातूंमध्ये बॅटरीसारखी विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते. तीत झिजते ते ॲल्युमिनियम. सांध्याभोवती पांढरी भुकटी जमते आणि बोल्टाचे भोक मोठे होत जाते. मधे रबराची किंवा रंगाची पट्टी घालून हे रोखता येते, पण ती पट्टी वेळेवर बदलावी लागते. म्हणजे गंजाचा हिशेब ॲल्युमिनियमने कमी केला, मिटवला नाही. तरीही 1960 च्या महाराष्ट्राला हा सौदा फायद्याचा होता. रस्ते अरुंद, वेग कमी, वाहने थोडी. अशा रस्त्यावर गाडीचे आयुष्य मुख्यतः हवा, पाणी आणि खड्डे संपवतात, टक्कर नव्हे.

पुढच्या काही दशकांत नेमके हेच गणित पालटले. 2002 पर्यंत मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण खुला झाला. वसईच्या पूर्वेकडून जाणारा अहमदाबाद महामार्ग सुवर्ण चतुष्कोणात आला आणि रुंदावला. डिसेंबर 2022 मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला. वेग दुप्पट झाला की टकरीत जिरवावी लागणारी ऊर्जा चौपट होते, हे शाळेत शिकवले जाणारे भौतिकशास्त्र आहे. ताशी 40 किलोमीटरने रस्त्यावरून घसरून शेतात कलंडलेली गाडी आणि 80 ने दुभाजकावर आदळून उलटलेली गाडी या दोन वेगळ्या घटना आहेत. इथे ॲल्युमिनियमचा हलकेपणा उलटला. त्याची ताठरता पोलादाच्या सुमारे एक तृतीयांश असते. तेवढ्याच मापाचा खांब पोलादाऐवजी ॲल्युमिनियमचा केला तर तो तिप्पट सहज वाकतो. खांब जाड आणि रुंद करून ही उणीव भरून काढता येते, पण त्यासाठी सगळी रचना नव्याने आखावी लागते. रिव्हेटांनी जोडलेल्या, पत्रा आणि सांगाडा वेगवेगळा असलेल्या जुन्या घडणीत ती भरून निघत नाही. मोठ्या आघातात रिव्हेटांची ओळ शिवण उसवावी तशी उसवते, पत्रा फाटून आत वळतो आणि त्याची धार खिडकीजवळ बसलेल्याला लागते. समोरून येणाऱ्या ट्रकाने गाडीची एक बाजू कापत नेल्याच्या बातम्या महाराष्ट्राने कितीदा तरी वाचल्या आहेत.

नियमांनीही याच सुमारास दिशा बदलली. बस कशी बांधावी याची देशभरासाठीची संहिता, म्हणजे एआयएस-052, या शतकाच्या आरंभी तयार झाली, पण तिची सक्ती व्हायला पुढचे दशक उजाडले. तिच्या जोडीला सांगाड्याच्या मजबुतीचे एआयएस-031 हे मानक आले. ते युरोपातल्या नियमावर बेतलेले आहे आणि त्यातली चाचणी डोळ्यांसमोर आणण्यासारखी आहे. गाडी एका कलत्या फलाटावर उभी करतात. फलाट एका बाजूने सावकाश उचलला जातो, इतका सावकाश की गाडीला धक्का बसू नये. तोल सुटण्याच्या बिंदूला ती आपल्या वजनाने 800 मिलिमीटर खाली असलेल्या काँक्रीटवर कुशीवर आदळते. आत आसनांच्या उंचीनुसार एक काल्पनिक चौकट आखलेली असते, प्रवासी जिवंत राहण्यापुरती मोकळी जागा. आदळल्यावर छत किंवा खांब त्या चौकटीत शिरला तर गाडी नापास. अख्खी गाडी मोडायची नसेल तर तिच्या एका भागावर किंवा संगणकावर गणिताने हे सिद्ध करता येते. या तपासण्यांसाठी ज्यांच्याकडे जावे लागते त्या संस्थांपैकी दोन पुण्यातच आहेत: वेताळ टेकडीवरची एआरएआय आणि भोसरीची सीआयआरटी. या चाचणीने प्रश्नच बदलून टाकला. गाडी किती वर्षे टिकेल, याच्याऐवजी गाडी उलटल्यावर माणूस टिकेल का, हे विचारले जाऊ लागले.

2017-18 च्या सुमारास एसटीने लाल परीसाठी माइल्ड स्टीलचा मार्ग धरला तो या पार्श्वभूमीवर. परिवहनमंत्री तेव्हा दिवाकर रावते होते. 2017 मध्ये वातानुकूलित शिवशाही आली आणि साध्या गाड्यांसाठी मध्यवर्ती कार्यशाळांत ॲल्युमिनियमऐवजी एमएस बॉडीचे काम सुरू झाले. चांगल्या अवस्थेतल्या जुन्या चासीवरून ॲल्युमिनियमची बॉडी उतरवून पोलादी बॉडी चढवण्याचे कामही हाती घेतले गेले. कार्यशाळेत याचा अर्थ फार मोठा होता. रिव्हेट मारणारे हात वेल्डिंगला लागले. पोकळ चौकोनी नळ्या कापून फरशी, दोन बाजू, छत, पुढचा आणि मागचा भाग असे सांगाडे वेगवेगळे बनवायचे आणि मग ते एकमेकांना जोडून खिडकीचा खांब छताच्या कमानीशी आणि खालच्या आडव्या बाराशी असा एकसंध कड्यासारखा वेल्ड करायचा. गाडी कुशीवर पडली की भार या कड्यांवर येतो. ती वाकतात, ऊर्जा पितात, पण चटकन तुटत नाहीत. पोलादाचा हा गुण, तुटण्याआधी बराच वेळ वाकत राहण्याचा, या निर्णयाच्या मुळाशी होता.

यावर पहिला आक्षेप असा येतो की ॲल्युमिनियमला उगाच बदनाम केले जाते. अमेरिकेत फोर्डने 2015 च्या एफ-150 ट्रकची आणि 2017 पासून अवजड सुपर ड्यूटीची बॉडी ॲल्युमिनियमची केली. एफ-150 चे वजन त्यातून सुमारे 300 किलोने उतरल्याचे कंपनीने सांगितले. शेवरलेने जाहिरातीत ॲल्युमिनियमच्या हौद्यात दगड ओतून भोके पडलेली दाखवली, तरी फोर्डची विक्री थांबली नाही. लंडनच्या रूटमास्टर गाड्या नियमित सेवेत 2005 पर्यंत होत्या. आणि आपल्याच राज्यात, 2022 मध्ये सुरू झालेल्या पुणे मेट्रोचे डबे ॲल्युमिनियमचे आहेत. आक्षेप खरा आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष वेगळा आहे. फोर्डच्या ट्रकखाली उच्च ताकदीच्या पोलादाचीच चौकट आहे. रूटमास्टर शहरातल्या संथ वाहतुकीत चालली आणि तिची बॉडीच तिचा सांगाडा होती. मेट्रोचे डबे लांबच लांब पोकळ पट्ट्या कारखान्यात एकमेकींना वेल्ड करून घडवतात, आणि मेट्रोच्या रुळावर समोरून ट्रक येत नाही. एसटीपुढची तुलना ॲल्युमिनियम विरुद्ध पोलाद अशी कधीच नव्हती. ती रिव्हेटांवर उभी असलेली 1960 च्या विचाराची बॉडी आणि वेल्ड केलेला, चाचणीसाठी आखलेला सांगाडा यांच्यात होती. ॲल्युमिनियममध्ये तेवढीच सुरक्षित बस बांधता येते. पण तिला महागडे साचे, वेल्डिंगचे निराळे कसब आणि पोलादाचा भुगा उडणार नाही अशी वेगळी दुरुस्तीची जागा लागते. अडीचशे आगारांत हे उभे करणे एसटीच्या ऐपतीबाहेर होते. पोलादाचे वेल्डिंग मात्र वसईच्या वालीव-सातिवली पट्ट्यातल्या कुठल्याही फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये होते.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. गाडी पोलादी झाली म्हणून माणसे वाचतात, हा भ्रम आहे. 1 जुलै 2023 च्या पहाटे बुलढाणा जिल्ह्यात समृद्धी महामार्गावर एक खासगी स्लीपर बस उलटली आणि पेटली. 25 जण होरपळून गेले. गाडी दरवाजाच्या बाजूवर पडली होती, त्यामुळे बाहेर पडायची मुख्य वाट बंद झाली. अशा वेळी सांगाडा किती मजबूत होता याला अर्थ उरत नाही. मागची काच फुटते का, छतावरचा मार्ग उघडतो का, आतला माल किती पेट घेतो, चालकाने किती तास झोप घेतली होती, हे प्रश्न पत्र्याच्या आधी येतात. शिवाय जड गाडी जास्त डिझेल पिते आणि आधीच तोट्यात चाललेल्या महामंडळावर तो बोजा कायमचा पडतो. दोन्ही गोष्टी मान्य कराव्यात. तरीही त्यांनी पोलादाचा निर्णय चुकीचा ठरत नाही, फक्त त्याची हद्द ठरते. मजबूत सांगाडा प्रवाशाला पहिले काही क्षण देतो. त्या क्षणांत बाहेर पडायची वाट असली तरच ते कामी येतात. आणि डिझेलचा वाढीव खर्च दर महिन्याच्या ताळेबंदात दिसतो, तर चिरडलेल्या बाजूची किंमत ज्या घरांवर पडते ती घरे ताळेबंदात नसतात. सार्वजनिक संस्थेने दुसऱ्या हिशेबाला पहिल्यापेक्षा कमी लेखता कामा नये.

या वळणाचा एक परिणाम फारसा बोलला जात नाही. चाचणीत उतरलेल्या आराखड्याप्रमाणेच गाडी बांधायची ठरली की बॉडी बांधणी हळूहळू कंपनीच्या कारखान्याकडे सरकते. 1 जून 2022 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर विजेवरची शिवाई सुरू झाली ती तयार गाडी म्हणूनच. सप्टेंबर 2024 मध्ये अशोक लेलँडने महामंडळाकडून 2,104 पूर्ण बांधणीच्या गाड्यांची, सुमारे 981 कोटी रुपयांची मागणी मिळाल्याचे जाहीर केले. दापोडी, चिकलठाणा आणि हिंगण्याने अनेक दशके जो हुन्नर जपला त्याची गरज यातून आकसते. गाडी एकसारखी आणि तपासलेली मिळते हा लाभ आहे. ज्याने गाडी बांधली त्यालाच ती उलगडून दुरुस्त करता यायची, हे गेल्याचा तोटाही आहे. विजेच्या गाड्यांत बॅटऱ्यांचे वजन मोठे असल्याने हलक्या धातूचा विचार पुन्हा डोके वर काढेल, असे मानायलाही जागा आहे.

मधल्या काळात 1960 चा जुना शत्रू, गंज, परतला आहे, आणि तो पहिल्यांदा दिसेल तो किनाऱ्यावर. जुलै 2018 मध्ये वसई-विरार पाण्याखाली गेले, मिठागरांतल्या कामगारांना सोडवून आणावे लागले. एव्हरशाईन सिटीसारख्या सखल भागांत पाणी तुंबणे तर नेहमीचेच. त्या पाण्यातून जाणाऱ्या पोलादी गाडीच्या पोकळ नळ्यांत ओलावा शिरतो आणि नळी आतून गंजते. बाहेरचा रंग शाबूत, आतली जाडी अर्धी. नळ्यांना जस्ताचा मुलामा दिला, वेल्डिंगनंतर सांध्यांवर लेप दिला, पाणी निथळायला भोके ठेवली तर हे बराच काळ रोखता येते. पण खरी अडचण तपासणीची आहे. उलटण्याची परीक्षा होते ती नव्या कोऱ्या आराखड्याची. सरकारी गाडी नियमाने 15 वर्षांपर्यंत रस्त्यावर राहू शकते. तिची योग्यता तपासणी पहिली 8 वर्षे दर दोन वर्षांनी आणि मग दरवर्षी होते, पण त्यात ब्रेक, दिवे, धूर पाहिले जातात, खांबाच्या आतली जाडी मोजली जात नाही. म्हणून पोलादाकडे परतण्याचा निर्णय बरोबर असला तरी तो अर्धाच पार पडला आहे. वसई, अर्नाळा, डहाणू, रत्नागिरी, मालवण अशा खाऱ्या हवेतल्या आगारांसाठी फरशीखालच्या बारांची आणि खांबांची जाडी ठरावीक वर्षांनी मोजण्याचा नियम हवा, आणि एव्हरशाईन सिटीसारख्या भागांत धावणाऱ्या महापालिकेच्या परिवहन गाड्यांनाही तो लागू हवा. ही मोजणी करणारे ध्वनिलहरींचे छोटे यंत्र आज सहज मिळते. ते आगाराच्या हत्यारांत येईपर्यंत किनाऱ्यावरच्या प्रवाशाला मजबुतीची हमी फक्त गाडी नवी असेपर्यंतच आहे.